टॉवेल कुठल्या देशाचा? चीनमधली देशी मालाची चळवळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चीन म्हटलं की आपल्याकडे चर्चा फिरून फिरून स्वस्त मालावर येते. ‘चिनी मालावर बहिष्कार’ ही घोषणा दिवाळीच्या आकाशकंदिलांबरोबर दरवर्षी बाहेर पडते. पण शंभर वर्षांपूर्वी चिनी माणूसच परक्या मालाने हैराण झाला होता, आणि त्याने उभारलेल्या देशी मालाच्या चळवळीतून ‘आपण चिनी’ ही आजची भावना बरीचशी घडली, हे फारसं ठाऊक नसतं. या विषयावर वाचक जे विचारतात, त्याची उत्तरं एका जागी देतो आहे.

ही चळवळ नेमकी केव्हाची?

साधारण १९०५ ते १९३७. मांचू घराण्याची शेवटची वर्षं, १९११ ची क्रांती, मग लष्करी सुभेदारांचा गोंधळ आणि त्यानंतर च्यांग कै-शेकचं नानजिंग सरकार, असा हा काळ. १९३७ मध्ये जपानने पूर्ण ताकदीने चढाई केली, शांघायचे कारखाने बेचिराख झाले आणि चळवळीचं पहिलं पर्व संपलं. तिला एक अध्यक्ष नव्हता की एक कचेरी नव्हती. व्यापारी संघ, विद्यार्थी, बायकांच्या संस्था, कारखानदार आणि पुढे सरकार, जो तो आपापल्या कारणाने तिच्यात उतरला.

परका माल नको होता तर सरकारने सरळ जकात का वाढवली नाही?

कारण तो अधिकारच त्याच्याकडे नव्हता. ब्रिटनशी झालेल्या पहिल्या अफूच्या युद्धानंतर १८४२ मध्ये नानजिंगचा तह झाला आणि त्यापाठोपाठच्या करारांनी आयात जकात सुमारे ५ टक्क्यांवर बांधून टाकली. वाढवायची तर परक्या सत्तांची संमती हवी. जकात खात्याचा मुख्य अधिकारीही परदेशी. रॉबर्ट हार्ट हा उत्तर आयर्लंडचा गृहस्थ १८६३ पासून १९११ पर्यंत त्या खुर्चीवर होता. १८९५ मध्ये जपानशी झालेल्या शिमोनोसेकी तहानंतर परदेशी लोकांना चिनी बंदरांत थेट कारखाने काढायलाही परवानगी मिळाली. म्हणजे बाहेरचा माल बाहेरून येणार आणि बाहेरच्यांचा माल आतही तयार होणार.

जकातीचा अधिकार परत मिळायला १९२८ उजाडलं. अमेरिकेने आधी मान्यता दिली, जपानने १९३० पर्यंत ताणून धरलं. मधल्या ८०-८५ वर्षांत जे काम जकातीच्या नाक्यावर व्हायला हवं होतं, ते दुकानाच्या दारात करावं लागलं. माझ्या मते सगळ्या चळवळीची किल्ली इथेच आहे. राज्याला जमेना तेव्हा ती जबाबदारी गिऱ्हाइकावर टाकली गेली. गिऱ्हाइकाला देशाचा पहारेकरी केलं, आणि मग त्या पहारेकऱ्यावरही पहारा बसला.

पहिला मोठा बहिष्कार अमेरिकेवर? जपानवर नाही?

हो. अमेरिकेने १८८२ पासून चिनी मजुरांना प्रवेशबंदी केली होती. त्यासंबंधीचा करार १९०४ मध्ये संपला आणि नव्याने तशाच अटी लादल्या जाणार अशी चिन्हं दिसली. शांघायच्या व्यापारी मंडळाने मुदत दिली, ती टळली आणि जुलै १९०५ मध्ये अमेरिकन माल बंद करायचं ठरलं. रॉकेल, पीठ, सिगारेटी. फंग शियावेई नावाच्या एका माणसाने शांघायमधल्या अमेरिकन वकिलातीसमोर विष घेऊन प्राण दिले आणि त्याची तसबीर सभांमधून मिरवली जाऊ लागली.

पण लगेचच एक भांडण सुरू झालं आणि ते पुढे तीस वर्षं मिटलं नाही. व्यापारी म्हणत, नव्या ऑर्डरी देऊ नका. विद्यार्थी म्हणत, आहे तो मालही वापरू नका. दोन वाक्यांत फरक किती? तर ज्याच्या वखारीत रॉकेलचे डबे थप्पीला लागलेत त्याचं दिवाळं निघण्याइतका. विद्यार्थ्यांच्या खिशातून काही जाणार नव्हतं.

त्याच वर्षी इकडे बंगालची फाळणी झाली आणि ऑक्टोबरमध्ये पुण्यात परदेशी कपड्यांची होळी पेटली. दोन्हींचा एकमेकांशी थेट संबंध नव्हता, पण हत्यार तेच.

वेणी कापण्याचा आणि देशी मालाचा काय संबंध?

हा प्रश्न मला विशेष आवडतो. मांचू राजवटीत पुरुषांनी डोक्याचा पुढचा भाग भादरून मागे लांब वेणी ठेवायची असा दंडक होता. १९११ च्या क्रांतीनंतर वेण्या उतरल्या. वेणी गेली की तिच्याबरोबरचा लांब रेशमी अंगरखा आणि गोल टोपीही जुनाट वाटू लागली. डोईवर परदेशी हॅट, अंगात लोकरी सूट. आणि चीनमध्ये सुटाची लोकर जवळपास बनतच नव्हती!

रेशीमवाले, टोपीवाले, गहाणवटवाले (रेशमी कपडे गहाण ठेवून घेणारे) सगळे धास्तावले. डिसेंबर १९११ मध्ये, म्हणजे प्रजासत्ताक जाहीर व्हायच्याही आधी, शांघायमध्ये त्यांनी देशी माल टिकवण्यासाठी एक संघटना काढली. त्यांचं म्हणणं असं की वेणी कापा, खुशाल कापा, पण अंगावरचं कापड बदलू नका. ऑक्टोबर १९१२ मध्ये नव्या सरकारने पोशाखाचा कायदा केला तेव्हा या मंडळींची धडपड फळाला आली. समारंभाचा कोट पाश्चात्त्य बेताचा चालेल, पण कापड देशी रेशमाचं हवं, असं कायद्यातच आलं. शिवण परकी, कापड घरचं! तिथून पुढे ‘चिनी’ म्हणजे काय याचं उत्तर वेशाच्या घाटापेक्षा मालाच्या मुळाशी बांधलं गेलं.

एखादी वस्तू ‘देशी’ आहे हे ठरवायचं कसं?

इथेच खरं पाणी मुरतं. १९२८ मध्ये सरकारने मोजपट्टी काढली. भांडवल कुणाचं, कारभार कुणाचा, कच्चा माल कुठला, कामगार कोण, या चार कसोट्यांवर मालाची सात प्रतींत वर्गवारी. चारही ठिकाणी चिनी असेल तर पहिली प्रत. जसजसा परका अंश वाढेल तसतशी प्रत खाली. कागदावर छान. प्रत्यक्षात काय होत होतं, त्याची दोन उदाहरणं देतो.

पहिलं वू युनछूचं. जपानच्या आजिनोमोतोची पांढरी भुकटी, म्हणजे आपण ज्याला अजिनोमोटो म्हणतो तीच, चिनी स्वयंपाकघरांत शिरली होती. वू हा रसायनशास्त्र शिकलेला माणूस. त्याने गव्हातल्या चिकट प्रथिनापासून ती भुकटी स्वतः बनवली आणि एका सोया सॉसच्या व्यापाऱ्याच्या भांडवलावर १९२३ मध्ये शांघायमध्ये थ्येनछू कारखाना काढला. जपानी भुकटीला देशी पर्याय म्हणून माल धडाधड खपला. १९२५ च्या बहिष्कारात तर मागणी पुरी करता करता नाकी नऊ आले. पण भुकटी बनवायला हायड्रोक्लोरिक आम्ल लागायचं, आणि ते यायचं जपानहून. जपानच्या नावाने बोटं मोडत जपानचंच आम्ल ओतायचं! वूला ते टोचत होतं. १९२९ मध्ये त्याने आम्ल बनवायचा वेगळा कारखाना काढला. एका चिमूटभर चवीसाठी देशात रसायनांचा पाया घातला गेला, हे मला सगळ्या घोषणांपेक्षा मोठं वाटतं. पुढे त्याने सरकारला एक लढाऊ विमानही भेट दिलं, कारखान्याचंच नाव लावून. देशसेवा झाली आणि जाहिरातही.

दुसरं उदाहरण कडवट आहे. नानयांग ब्रदर्स ही ज्यान बंधूंची सिगारेट कंपनी, १९०५ मध्ये हाँगकाँगला निघालेली. समोर ब्रिटिश-अमेरिकन टोबॅकोसारखा राक्षस. ‘चिनी माणसाने चिनी सिगारेट ओढावी’ या एका मुद्द्यावर नानयांगने बाजारात जागा केली. आणि १९१९ मध्ये, जपानविरोधी लाट ऐन भरात असताना, प्रतिस्पर्ध्यांनी बातमी फोडली की थोरला भाऊ ज्यान झाओनान कागदोपत्री जपानी नागरिक आहे. गोष्ट खरी होती. व्यापाराच्या सोयीसाठी त्याने फार पूर्वी ते नागरिकत्व घेतलं होतं, जपानी नावासकट. नागरिकत्व सोडून देणं, देणग्या, जाहीर खुलासे, सगळं करून कंपनी कशीबशी तगली. ज्या तलवारीने तिने बाजार जिंकला तीच तिच्या मानेवर आली. ओरड मात्र ज्या स्पर्धकाच्या फायद्याची होती तो धडधडीत परदेशी होता.

म्हणजे हे सगळं व्यापाऱ्यांचंच नाटक होतं का?

नाटक म्हणणं अन्याय होईल. स्वार्थ होताच. मे महिना आला की ‘शनबाओ’सारख्या वर्तमानपत्रांत राष्ट्रीय अपमानाची आठवण देणाऱ्या जाहिरातींचं पेव फुटायचं. ९ मे १९१५ ला राष्ट्राध्यक्ष युआन शिकाईच्या सरकारने जपानच्या एकवीस मागण्यांमधल्या बहुतेक मान्य केल्या होत्या. तो दिवस अपमानदिन म्हणून पाळला जाई. दुःखाच्या दिवशी सिगारेट आणि टूथ पावडर खपवायची, हे चमत्कारिक दिसतं. (खुद्द ‘शनबाओ’ १८७२ मध्ये एका इंग्रज व्यापाऱ्याने सुरू केलं होतं.) पण लोकांचा राग खोटा नव्हता. खेड्यातल्या माणसाला शानदोंग प्रांत कुणाच्या ताब्यात गेला हे नकाशावर दाखवता आलं नसतं; काडेपेटी देशी की जपानी, हे मात्र तो हातात घेऊन बघू शकत होता. देश नावाची अमूर्त गोष्ट त्याच्या घरात अशी आली.

एखाद्या वस्तूवरून खरंच युद्ध पेटलं होतं का?

टॉवेलवरून, जवळजवळ. शांघायची सानयौ कंपनी १९१२ मध्ये मेणबत्तीच्या वाती करायला निघाली आणि मग टॉवेलांत उतरली. तिच्या त्रिकोण छापाने जपानी नांगर छाप टॉवेलांना बाजारातून हुसकावलं. कारखान्यातले कामगार कडवे जपानविरोधी म्हणून प्रसिद्ध होते. १८ जानेवारी १९३२ ला याच कारखान्याजवळ काही जपानी बौद्ध भिक्षूंवर हल्ला झाला, त्यात एक दगावला. दोन दिवसांत जपानी टोळक्याने टॉवेलांचा कारखाना पेटवून दिला. जपानी महावाणिज्यदूताने शांघायच्या महापौराकडे मागण्या ठेवल्या. त्यात बहिष्कार चालवणाऱ्या संघटना मोडून काढा, ही महत्त्वाची. महापौराने २८ तारखेला मान तुकवली, तरी त्याच रात्री जपानी नौसैनिक शहरात घुसले. भिक्षूंवरच्या हल्ल्यामागे आपलीच फूस होती, असं एका जपानी लष्करी अधिकाऱ्याने महायुद्धानंतर सांगितलं. म्हणजे ठिणगी मुद्दाम पाडलेली होती. पण ती टाकायला जागा टॉवेलांच्या कारखान्याची निवडली गेली, यात सगळं आलं.

लोकांवर जबरदस्ती व्हायची का?

व्हायची, आणि भरपूर. विद्यार्थ्यांची पथकं दुकानांत शिरून माल तपासत, जपानी माल बाहेर काढून चौकात होळी करत. दंड होत, दुकानदारांची नावं जाहीर होत, धिंड निघे. १९३२ च्या सुमाराला शांघायमध्ये जपानी माल विकणाऱ्या दुकानांवर गुप्त टोळ्या बॉम्ब टाकू लागल्या. आधी धमकीचं पत्र, मग स्फोट.

मार बसायचा तो छोट्या दुकानदाराला. बडा आयातदार लेबल बदलून मोकळा व्हायचा. जपानी मालावर चिनी छाप मारण्याचा धंदा जोरात होता. या बाजूकडे अनेक लेखक कानाडोळा करतात. स्वतःच्या लोकांना धाक घातल्याशिवाय ही चळवळ कधीच चालली नाही.

बायकांनाच सगळा दोष का दिला जाई?

१९३३ हे देशी मालाचं वर्ष म्हणून पाळलं गेलं, १९३४ बायकांचं देशी माल वर्ष, १९३५ विद्यार्थ्यांचं, १९३६ नागरिकांचं. यातलं बायकांचं वर्ष सर्वांत गाजलं. घरखर्च बाईच्या हातात, म्हणून देश वाचवणंही तिच्या हातात, हा युक्तिवाद. ऐकायला मानाचा, पण त्याची दुसरी बाजू लगेच दिसते. आयातीचे आकडे वाढले की बोट परदेशी अत्तर लावणाऱ्या, केस कुरळे करणाऱ्या ‘मॉडर्न’ मुलीकडे. तिच्या ओठांवरच्या रंगाने जणू देशाची तिजोरी रिकामी होत होती! त्या वर्षी हाँगझौमध्ये तर झकपक कपडे घातलेल्यांच्या अंगावर आम्ल टाकून कपडे जाळणारी टोळी निघाली. यंत्रं, पेट्रोल, बंदुका, मोटारी परदेशातूनच येत होत्या आणि त्या मागवणारे पुरुष होते. त्यांच्या सुटांवर कुणी आम्ल टाकायला गेलं नाही.

गांधीजींच्या खादीसारखंच का हे?

वरवर तसं दिसतं, पण मूळ वृत्ती उलटी. खादीत यंत्राला नकार होता, साधेपणाचं व्रत होतं. चिनी चळवळीला यंत्र हवंच होतं, फक्त आपलं. जपानी टूथ पावडरीऐवजी चिनी, परदेशी पंख्याऐवजी चिनी विजेचा पंखा. ऐष करा, पण देशी ऐष करा. तिकडच्या प्रदर्शनांत रोषणाई, नाच, फॅशन शो असत. नोव्हेंबर १९२८ मध्ये शांघायला मोठं देशी माल प्रदर्शन भरलं, १९२९ मध्ये हाँगझौच्या पश्चिम सरोवराकाठी त्याहून भव्य. तिथे जत्रेसारखी गर्दी लोटली.

आपल्याकडे जवळचं काही शोधायचंच तर मी खादीकडे जाणार नाही, तळेगावच्या पैसा फंडाच्या काच कारखान्याकडे जाईन. माणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभा करायचा, ही टिळकांच्या काळातली कल्पना चिनी कारखानदाराला ताबडतोब कळली असती.

मुंबईचा या गोष्टीशी काही संबंध येतो?

येतो, आणि तो फारसा सुखाचा नाही. मुंबईच्या बऱ्याच जुन्या पेढ्यांचा पैसा चीनला गेलेल्या अफूवर उभा राहिला. त्यानंतर सूत. १८८० नंतर मुंबईच्या गिरण्यांचं जाडंभरडं सूत मोठ्या प्रमाणात चीनला जाई आणि तिथले हातमागवाले त्याच्यावर कापड विणत. रत्नागिरीहून गिरणगावात आलेल्या कामगाराने कातलेलं सूत असं चिनी खेड्यापर्यंत पोचत होतं. म्हणजे चिनी देशी मालवाल्यांच्या डोळ्यांत खुपणाऱ्या परक्या मालात आपलाही वाटा होता. झांग ज्यान हा १८९४ च्या राजपरीक्षेत देशात पहिला आलेला पंडित नोकरशाही सोडून नानतोंगला सूतगिरणी काढायला बसला, तो याच परक्या सुताला तोंड द्यायला. पुढे जपानी आणि चिनी गिरण्यांनी मुंबईचं सूत तिथून हटवलं.

शिवाय ३० मे १९२५ ला शांघायच्या नानजिंग रस्त्यावर चिनी निदर्शकांवर झालेल्या ज्या गोळीबारानंतर ब्रिटिश मालावर प्रचंड बहिष्कार पडला, त्या पोलीस तुकडीत चिनी शिपायांबरोबर शीख शिपाई होते. हुकूम इंग्रज अधिकाऱ्याचा.

मग चळवळ यशस्वी झाली की नाही?

आयात थांबवण्यात, नाही. बहिष्कार चढत आणि काही महिन्यांत ओसरत. १९३१-३२ मध्ये जपानच्या चीनमधल्या व्यापाराला जबर फटका बसला हे खरं, पण लवकरच उत्तरेकडून चोरट्या मालाचा लोंढा आला. काही देशी कारखाने मात्र बहिष्काराच्या आडोशाला मोठे झाले, आणि वस्तूलाही राष्ट्रीयत्व असतं ही सवय लोकांच्या अंगात भिनली.

१९४९ नंतर?

कम्युनिस्टांनी १९५६ पर्यंत खाजगी कारखाने सरकारी केले. परका मालच जवळपास दिसेनासा झाल्यावर देशी माल घ्या म्हणायची गरज उरली नाही. लग्नाच्या बोलणीत सायकल, शिवणयंत्र, मनगटी घड्याळ आणि रेडिओ मागितला जाई, चारही देशी. प्रश्न पुन्हा जिवंत झाला तो १९७८ नंतर बाजार उघडल्यावर.

आजचे बहिष्कार त्याच परंपरेतले मानायचे का?

घाट तोच आहे. २००८ मध्ये पॅरिसला ऑलिम्पिक ज्योतीच्या वेळी झालेल्या निदर्शनांनंतर कार्फूर ही फ्रेंच दुकानसाखळी, २०१७ मध्ये क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेसाठी जागा दिली म्हणून कोरियन लोट्टे, २०२१ मध्ये शिनजियांग प्रांताचा कापूस नाकारला म्हणून एच अँड एम ही स्वीडिश कपड्यांची कंपनी. फरक एवढाच की तेव्हा सरकार दुबळं होतं म्हणून लोक दुकानात घुसत; आता सरकार बलाढ्य आहे, आणि राग कधी तापवायचा, कधी गार करायचा, याचा चमचा त्याच्याच हातात असतो. तोही नेहमी राहतोच असं नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये शियान शहरात जपानी बनावटीची गाडी चालवतो म्हणून एका चिनी माणसाच्या डोक्यात जमावातल्या एकाने सायकलचं कुलूप घातलं. तो कायमचा अपंग झाला. अशा बहुतेक गाड्या चीनमध्येच, चिनी भागीदारीत, चिनी कामगार जोडतात. १९२८ च्या मोजपट्टीवर कितवी प्रत लागली असती?

आजचा चिनी तरुण देशी ब्रँड देशप्रेमापोटी घेतो की स्वस्त म्हणून?

दोन्ही, आणि आता आणखी एका कारणाने: माल चांगला असतो. ली-निंग या देशी क्रीडापोशाखांच्या कंपनीने २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या फॅशन सप्ताहात छातीवर ठळक चिनी अक्षरं मिरवली तेव्हापासून देशी घालण्यात ऐट आली. पण भावनेलाही भाव असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये ली ज्याची हा चीनचा नामांकित ऑनलाइन विक्रेता हुआशीत्सी या देशी कंपनीची भुवयांची पेन्सिल ७९ युआनला विकत होता. प्रेक्षकांपैकी कुणीतरी म्हणालं, महाग आहे. ली चिडला. देशी ब्रँडना टिकणं किती अवघड आहे माहीत आहे का, इतक्या वर्षांत तुमचा पगार का वाढला नाही, नीट काम करता का, असं तो सुनावून बसला. नंतर कॅमेऱ्यासमोर रडून माफी मागितली, पण लाखो चाहते गेलेच. देशाच्या नावाने महाग माल गळ्यात मारू पाहणाऱ्याला गिऱ्हाइकाने तिथल्या तिथे जागा दाखवली. आणि फंगहुआ या जुन्या, साध्या देशी कंपनीने तेवढ्यात संधी साधली: ७९ युआनला शाम्पू-कंडिशनरच्या मोठ्या बाटल्यांचे संच विक्रीला लावले आणि ते हातोहात खपले.